उशीर म्हणजे फुली

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा सात तुकडे. दोन वर्षं झाली, रोज खेळाआधी सगळे रांगेत वाकून काच वेचतात, तरी बोडीच्या, गावतळ्याच्या, मागच्या या जमिनीतून काच निघतच राहते. आधी इथे पिणारे बसायचे, बाटल्या फोडायचे. आम्ही बायकांनी त्यांना उठवलं. पण जमिनीच्या पोटातलं कोण उठवणार? पोट्टे अनवाणी खेळतात. वेचायचा कंटाळा करणाऱ्याला मी मैदानात घेत नाही.

ग्रामसेवक येऊन उभा राहिला. म्हणे, "गुलाबबाई, कबड्डीनं दारू थांबते का?"

"साडेपाच ते सात थांबते," मी म्हटलं. "तेवढा वेळ तुम्ही थांबवून दाखवा."

गेला.

वेळ मी मुद्दाम ती धरली आहे. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली, तिकडे दारूबंदी. आपल्या इकडे दुकानं उघडी. माल पलीकडे जातो तो दिवेलागणीला. ढोरं घरी येत असतात, ढिवर जाळी घेऊन परतत असतात, उन्हाळ्यात पाणी मांडीएवढं. कोण कुठे चाललं कोणाला कळत नाही. नेणारे कोण, तर सतरा-अठरा वर्षांचे पोट्टे. त्यांना पळता येतं, आणि धरले तर मालकाचं नाव सांगत नाहीत. म्हणून त्याच वेळेला मी त्यांना इथे उभं करते. जो इथे आहे तो नदीत नाही. एवढीच माझी अक्कल.

५ मार्च, बुधवार

बुधू आज पुन्हा उशिरा. जंगलाकडच्या लांबच्या वस्तीत, टोल्यावर राहतो, तो आणि त्याची आई बुधरी. रोज काही ना काही. कधी शेळ्या, कधी सरपण. मी फुली मारली.

"मावशी, मी तं इथीच हाओ."

"इथी असशीन. वहीत नाईस."

सगळे हसले. तोही हसला. मग खेळला, एका दमात दोन गडी मारून आला. फुली तशीच राहिली. उशीर म्हणजे फुली. एकाला सूट दिली तर उद्या सगळे सूर्य बुडाल्यावर येतील, आणि मला ते सूर्य बुडायच्या आधी पाहिजेत.

हजेरीच्या वहीत दोनच खुणा. आला तर ह. नाहीतर फुली. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं पुरे.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. ग्रामपंचायतीत भाषणं. खुर्च्या आम्हीच मांडल्या, आम्हीच उचलल्या.

११ मार्च, मंगळवार

ठाण्यातून जमादार आले. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, सावलीला सामने आहेत. ठाणेदार साहेब आपल्या टीमला बनियन देणार आहेत, मागे नंबर टाकून. अट एकच— हजेरीची वही बरोबर पाहिजे. म्हणे, "बाई, ज्याची हजेरी चांगली, त्याले दाखल्याले तरास नाई."

दाखला म्हणजे चारित्र्याचा. पोलीस भरतीला तो लागतो. माझा प्रणित गेल्या महिन्यात अठराचा झाला. पहाटे उठून सावलीच्या रस्त्यानं धावतो. घड्याळ लावून धावतो, परत येऊन आकडा भिंतीवर लिहितो. भिंत खराब केली म्हणून मी ओरडते, पण पुसत नाही.

अंजनाबाईचा सुनिल असाच धावायचा. भरतीचं मैदान मारलं होतं त्यानं, लेखीही निघाली. मग पुलावर धरला, पिशवीत बाटल्या. गुन्हा नोंदला आणि दाखला अडकला. आता पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतो. तारीख आली की कोर्टात जातो, परत येऊन घोटतो. मैदान सुरू केलं ते त्याला पाहून.

त्याच्या वेळेला मैदान नव्हतं. एवढं म्हणून मी मोकळी होते. अंजनाबाई होत नाही.

१२ मार्च, बुधवार

आज भांडण. बुधू चढाईवर आला, परत जाताना त्याचा हात प्रणितच्या टाचेला लागला. प्रणित म्हणे नाही लागला. बुधू म्हणे लागला. करिश्मा रेषेवर बसून गुण मांडते, जीभ तिची विळ्यासारखी— म्हणाली, "मावशीचा पोरगा हाय म्हून त्याची टाच अलग हाय का?"

मैदानावर प्रणितही मला मावशीच म्हणतो. मीच तसा नियम केला. घरी आई, रेषेच्या आत मावशी.

मी त्याला बाहेर बसवलं. तर सगळ्यांसमोर म्हणतो, "तुले दिसते का तरी?"

नाही दिसत. दिवेलागणीला माझे डोळे जातात. माणूस दिसतो, हात दिसत नाही. चंद्रपूरला दाखवलं, ऑपरेशन सांगितलं, राहून गेलं. सगळ्या गावाला माहीत आहे, पण माझ्या तोंडावर कोणी बोललं नव्हतं.

मग मी सगळ्यांना बसवलं. म्हटलं, मला दिसत नाही, बरोबर. म्हणून आजपासून इथे पंच नाही. ज्याला हात लागला त्यानं आपला हात वर करायचा, मेलो म्हणायचं आणि बाहेर यायचं. कोणी पाहो न पाहो. आपल्या बाजूनं गडी मारला की तो पुन्हा जिता होऊन आत जाईल. मरण्यात काही नुकसान नाही, दोन मिनिटं बसावं लागतं फक्त. पण मेल्यावर जो जिता म्हणून आत फिरतो, तो माझ्या मैदानात नको.

करिश्मा म्हणाली, "असं कुठी असते का मावशी?"

"इथी असते."

प्रणितनं हात वर नाही केला. पायानं माती उकरत बसला.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवडीला मैदान बंद ठेवलं. सण आहे म्हटलं. चुकलं. प्रणित अंधार पडल्यावर घरी आला, पँट मांडीपर्यंत ओली. म्हणे रंग धुतला बोडीवर. बोडीत पाणी घोट्याएवढं आहे.

विचारायला पाहिजे होतं. पुरण राहिलं होतं, ते त्याला वाढलं.

१८ मार्च, मंगळवार

एक बाजू उघडी, एक बाजू बनियनची, अशी आम्ही बाजू ओळखतो. प्रणित तीन दिवसांपासून बनियनच्याच बाजूला. आज पकडीत बनियन वर गेली. मला काय दिसणार. खेळ संपल्यावर करिश्मा हळूच म्हणाली, "मावशी, प्रणितच्या पोटाले काय झालं? पट्टेच पट्टे."

घरी येऊन जेवायला बसला तेव्हा मी त्याची बनियन वर केली. बरगडीपासून कमरेपर्यंत चार लाल पट्टे, सरळ, बोटाएवढे रुंद. केस उपटलेले.

हे मला शिकवायला कोणी नको. बायका मिळून आम्ही किती जणांच्या अंगावरून अशी खाकी चिकटपट्टी सोडवली आहे. पव्वे पोटाला लावायचे, वरून पट्टी, वरून सदरा.

"किती खेपा?"

"दोन."

"काऊन?"

ताटात बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "बूट पाह्यजे होते. भरतीले सगळे बूट घालून धावतेत."

"मले मागता येत नव्हते?"

"मागतले होते. तू म्हणली, पाय गळून पडले का तुहे."

म्हटलं असेन. मी काहीही म्हणते. उठून चिकटपट्टीचं बंडल शोधलं, चुलीत टाकलं. घाण वास सुटला. त्याला म्हटलं, आता गेलास तर पाय मीच तोडीन. तो म्हणाला, "एक खेप बोलून बसलो हाओ. नाई गेलो तं ते घरी येतीन." मी म्हटलं, येऊ दे, मी आहे. हो म्हणाला. मला वाटलं संपलं.

२० मार्च, गुरुवार

प्रणित आला नाही मैदानावर.

बुधू उशिरा. मोहफूल वाळत घातलं होतं, ते ढोरांच्या तोंडी जाईल म्हणून आधी उचलून ठेवावं लागलं म्हणे. माझं डोकं आधीच फिरलं होतं. फुली मारली, बोललेही खूप. बिचारा मान खाली घालून आत गेला. आज तर वाघासारखा खेळला. करिश्मा प्रत्येक गड्याला ओरडून आकडा सांगत होती.

बाकी सगळे हजर. प्रणितच्या चौकटीत हात चालला नाही. कोरीच ठेवली. वीस पोरं धरून मी इथे उभी होते, आणि नदी अर्ध्या कोसावर.

तो आठला आला. ओला.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी हातपंपावर कळलं. काल घाटावर पोलीस दबा धरून होते. दुसऱ्या गावचे दोघे धरले. तिसरा थैली पाण्यात टाकून पळाला, आपल्या गावाकडे. उंच, सडपातळ पोरगा, एवढंच सांगतात. त्या दोघांना त्याचं नाव माहीत नाही.

घागर अर्धीच भरून घरी आले. वही काढली. प्रणितच्या कोऱ्या चौकटीत ह लिहिला. वेळ नाही लागला. एक अक्षर आहे.

दुपारी जमादार आले. म्हणाले, काल सहा-सातच्या दरम्यान कोण कोण नव्हतं ते पाहायचं आहे. मी वही दिली. ते नावांवरून बोट खाली आणत गेले. ह, ह, ह, ह. प्रणितवर बोट थांबलं नाही.

"हा एकच नाई वाटते. बुधू." मागची पानं चाळली. "हा तं नेहमीच नाई, बाई. महिन्यातून आठ फुल्या. अन घर मोहफुलाचं."

मी म्हणायला पाहिजे होतं— तो होता. उशिरा आला होता. ती फुली उशिराची आहे. पण मग ते म्हणतील, म्हणजे वहीत लिहिलेलं सगळं खरं नसतं? आणि बोट पुन्हा वरून खाली येईल.

मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा वही त्यांच्या बगलेत होती.

२२ मार्च, शनिवार

बुधूला सकाळी ठाण्यावर बोलावलं, संध्याकाळी सोडलं. उद्या पुन्हा बोलावलं आहे. मारत नाहीत म्हणे. बसवून ठेवतात आणि तेच तेच विचारतात.

बुधरी आली होती. उभीच राहिली, बसली नाही. म्हणाली, "बाई, माहा पोरगा तुह्या डोळ्यासमोर खेळत होता ना? तू पाह्यलं ना त्याले?"

मी म्हटलं, "दिवेलागणीले मले दिसत नाई, बुधरी."

खरं बोलले. इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

तिनं पदरातून मूठभर मोहफुलं काढून ओट्यावर ठेवली. आणलीच होती म्हणून ठेवली. आणि गेली.

२३ मार्च, रविवार

मैदानावर कोणी आलं नाही. एकटीनं काच वेचली. चार तुकडे.

२४ मार्च, सोमवार

आजही कोणी नाही. शेवटी मीच करिश्माच्या घरी गेले. ती भांडी घासत होती, मान वर केली नाही.

"काऊन येत नाई तुमी कोणी?"

"येऊन काय करू? त्या दिशी बुधूनं पाच गडी मारले. मी एक-एक मोजला. प्रणित नव्हता. पण वहीत तं काही अलगच हाय." राखेनं पातेलं घासत म्हणाली, "मी ठाण्यावर जाऊन सांगतलं. जमादार म्हणते, पोरी, तुह्या तोंडचं ऐकू का बाईच्या हातचं? गुलाबबाईची वही हाय, खोटी कशी असन."

मग हात थांबवला. "मावशी, तुमी म्हणत होत्या ना, मेल्यावर आत फिरू नये."

तिची आई आतून म्हणाली, करिश्मा, मोठ्यांशी कशी बोलतेस. मी म्हटलं, बोलू द्या.

प्रणितच्या बापाला फोन केला. ते ऊर्जानगरला कामावर असतात, पंधरा दिवसांनी घरी येतात. सगळं ऐकलं. म्हणाले, "वही तुही, पोरगा आपला. आता चूप राह्य." माणूस वाईट नाही. मीही आधी तेच केलं ना.

प्रणित चार दिवस झाले धावला नाही. भिंतीवर आकडा नाही. आज भाकरी थापत होते, तो मागे येऊन उभा राहिला.

"माह्या नावापुढं ह लिवला?"

"लिवला."

"अन बुधूच्या नावापुढं?"

"त्यानं उशीर केला होता."

म्हणाला, "तो ह मावशीनं लिवला का आईनं?"

भाकरी करपली.

२५ मार्च, मंगळवार

आज काहीच काम सुधरलं नाही. वही ठाण्यात आहे, हातात दुसरं काही नाही, म्हणून इथेच लिहिते.

मला वाटायचं, पोट्टे नदीवर जाऊ नयेत म्हणून मी मैदान चालवते. दीड तास धरून ठेवायचं, बस. ढोरं कोंडतात तसं. पण कोंडलेलं ढोर दार उघडलं की जातंच. प्रणित माझ्याच दारातून गेला. मी शिट्टी घेऊन इथे उभी होते तेव्हाच गेला, कारण त्याला पक्कं माहीत होतं की त्या वेळेला मी मैदान सोडून हलणार नाही.

दुसरं. बुधू आठ वेळा उशिरा आला. आठही वेळा आला. टोल्यावरून पळत येतो तो, मोह उचलून, शेळ्या बांधून. जो मुलगा एवढं करून येतो त्याला मी फुली देत राहिले, आणि ज्याचं घर मैदानाला लागून त्याला ह. शिस्त शिस्त म्हणून नाचत होते. बुधूनं एकदाही म्हटलं नाही, मावशी, माझं घर पाहा आधी किती लांब आहे. हसत राहिला.

वहीत त्या दिवसाच्या दोन खुणा माझ्या हातच्या, आणि दोन्ही खोट्या. एक रागानं, एक मायेनं. राग आधीचा आहे. तो मला कधी खोटा वाटलाच नाही.

संध्याकाळी पानठेल्यासमोरून गेले. सुनिल खर्रा घोटत होता. हात चालू, नजर रस्त्यावर. एकवीसचा आहे, पन्नाशीचा दिसतो. मी विचार केला, उद्या इथे दोघे बसतील. प्रणित बसेल नाहीतर बुधू बसेल. कोणाला बसवायचं ते माझ्या हातात आहे. हे कोणी बाईच्या हातात देऊ नये.

गुन्हा आपल्यावर घ्यावा असंही मनात आलं. थैली माझी होती म्हणावं. पण पळणारा पोरगा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. पन्नाशीची जाड बाई मांडीएवढ्या पाण्यातून पळाली म्हटलं तर जमादारच हसतील.

उद्या पहिल्या बसनं जाते. सांगते, ती फुली उशिराची आहे आणि तो ह माझा आहे. पुढचं ते विचारतील. विचारलं की सांगावं लागेल. भिंतीवरचे सगळे आकडे पुसले जातील.

प्रणितला सांगितलं नाही. तो झोपला आहे, की पडला आहे, माहीत नाही. चपला दारात सरळ ठेवल्या आहेत त्यानं. कधी ठेवत नाही.

२६ मार्च, बुधवार

उठले तर चपला नव्हत्या. वाटलं, धावायला गेला.

ठाण्यात पोचले तेव्हा प्रणित साहेबांच्या टेबलासमोर उभा होता, बुधू बाकावर. साहेब वही उघडी ठेवून त्याला म्हणत होते, "तुझा तर इथे ह आहे. तिकडे तुला कोणी ओळखलं नाही. मग आलास कशाला?"

प्रणित म्हणाला, "मेलो होतो, साहेब."

साहेबांना कळलं नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाई, हा काय बोलतो?"

मी दारातच हात वर केला.